पिकअपचा बॉल जॉइंट घरी बदलायचा? आधी तो काम कसा करतो ते बघू

बॅटरी गेली की गाडी सुरू होत नाही, क्लच गेला की गाडी पुढे जात नाही. बॉल जॉइंट तसा नाही. तो झिजला तरी गाडी चालत राहते, थोडा खट्-खट् आवाज येतो, आपण रेडिओ मोठा करतो. मग एक दिवस वळणावर तो सॉकेटमधून निखळतो आणि पुढचं चाक मडगार्डखाली आडवं होतं. वेग कमी असेल तर क्रेनच्या खर्चावर सुटका, हायवेवर असाल तर काही सांगता येत नाही.

मी टेक्सासमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि माझ्याकडे २००३ ची टोयोटा टॅकोमा प्रीरनर आहे. गेल्या महिन्यात तिचे दोन्ही खालचे बॉल जॉइंट मी घरासमोरच्या ड्राइव्हवेवर बदलले. इथे गॅरेजची मजुरी तासावर मोजतात आणि जुन्या पिकअपच्या किमतीच्या मानाने ती फार होते, त्यामुळे असली कामं लोक घरीच करतात. डिग्री मेकॅनिकलची नाही, पण हे काम समजून घ्यायला तिची गरजही पडत नाही.

बॉल जॉइंट म्हणजे काय?

आपल्या खुब्याचा सांधा डोळ्यासमोर आणा. गोल डोकं, त्याला धरणारी वाटी, आणि सगळ्या दिशांना हालचाल. बॉल जॉइंटमध्ये तेच आहे. स्टीलचा गोळा, त्याला जोडलेला निमुळता दांडा, गोळ्याभोवती सॉकेट, आत ग्रीस आणि वरून रबरी बूट. पुढच्या चाकाला दोन हालचाली एकाच वेळी कराव्या लागतात: खड्ड्यात वर-खाली आणि स्टिअरिंगबरोबर डावी-उजवीकडे. साध्या बिजागरीला हे जमत नाही, म्हणून गोळा.

डबल विशबोन सस्पेन्शनमध्ये चाक ज्या भागावर बसतं त्या नकलला वर एक आर्म आणि खाली एक आर्म धरतो, आणि प्रत्येक ठिकाणी एक बॉल जॉइंट असतो. स्प्रिंग लोअर आर्मवर टेकलेली असेल तर गाडीच्या त्या कोपऱ्याचं वजन खालच्या जॉइंटमधून जातं.

आता टॅकोमाची खास गोष्ट. या मॉडेलमध्ये जॉइंटचं शरीर नकलच्या तळाला चार बोल्टनी बसतं आणि दांडा खाली लोअर आर्ममध्ये जातो. स्प्रिंग आर्मला खाली ढकलते, रस्ता चाकाला वर ढकलतो. म्हणजे गोळा सॉकेटमध्ये दाबला जाण्याऐवजी सतत बाहेर ओढला जातो. दाबला जाणारा जॉइंट झिजला तर निदान वजन त्याला जागेवर ठेवतं. ओढला जाणारा झिजला की निसटतो. आमच्या धंद्यात याला ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतात, फक्त इथे बॅकअप सर्व्हर नसतो.

हा धोका कागदावरचा नाही. २००५ मध्ये टोयोटाने अमेरिकेत याच खालच्या बॉल जॉइंटसाठी लाखो पिकअप आणि एसयूव्ही परत बोलावल्या होत्या, त्यात २००१ ते २००४ च्या टॅकोमाही होत्या. कारण असं दिलं होतं की जॉइंट बनवताना गोळ्याच्या पृष्ठभागावर ओरखडे राहिले असू शकतात आणि त्यामुळे तो लवकर झिजतो. पण तेव्हा बदललेला जॉइंटही आज वीस वर्षांचा झालाय, त्यामुळे ‘रिकॉलचं काम झालंय’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

झिजलाय हे कसं ओळखायचं?

चाक जमिनीवर असताना काहीच कळत नाही, कारण वजनाने खेळ झाकला जातो. लोअर आर्मच्या टोकाखाली जॅक लावून चाक जेमतेम उचला. वर आणि खाली हात धरून चाक हलवा, मग टायरखाली लांब पहार घालून वर उचलून बघा. या वेळी कुणीतरी जॉइंटकडे टॉर्च मारून बघत राहायला हवं, कारण हाताला जाणवतं पण कुठे ते कळत नाही. नकल आणि आर्म यांच्यात हालचाल दिसली तर जॉइंट गेला.

इथे लोक व्हील बेअरिंगशी गल्लत करतात. सोपी युक्ती: दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला तर सांध्याचा. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉड एंड बघा. आणि रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलेलं दिसलं तर आवाज नसला तरी बदलायची तयारी करा, कारण आत पाणी आणि धूळ गेलेली असते.

काम

अर्धं काम गाडी नीट उभी करण्यातच आहे. सपाट काँक्रीट, हँडब्रेक, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग चेसिसखाली जॅक स्टँड, ज्याला आपल्याकडे गॅरेजवाले घोडी म्हणतात. फक्त जॅकवर गाडी ठेवून तिच्याखाली हात घालायचा नाही. काढलेलं चाकही मी चेसिसखाली आडवं सरकवून ठेवतो, घोडी घसरली तर गाडी चाकावर पडेल. लोअर आर्मखाली दुसरा जॅक हलका टेकवून ठेवा, म्हणजे आर्म ताब्यात राहतो.

प्रीरनरला पुढच्या चाकांना ड्राइव्ह शाफ्ट नाही, त्यामुळे जागा भरपूर मिळते. फोर बाय फोर असेल तर शाफ्ट वाटेत येतो आणि त्याचा बूट सांभाळावा लागतो.

आधी टाय रॉड एंड सोडवायचा, कारण या गाडीत स्टिअरिंगचा आर्म खालच्या बॉल जॉइंटलाच असतो. स्प्लिट पिन काढा, नट सैल करा. दांडा निमुळता असल्याने घट्ट चिकटून बसतो. दांड्यावर वरून हातोडा मारायचा मोह होतो, तो टाळा, आटे खराब होतात. पुलर लावून ताण द्या आणि ज्या आर्ममध्ये दांडा बसलाय त्याच्या बाजूवर दोन जोरदार ठोके मारा. ‘टक्’ आवाज येऊन सुटतो. दोन दातांचा काटा ठोकून सोडवायची पद्धतही आहे, पण तो रबरी बूट फाडतो. फेकायच्या जॉइंटला चालेल, टाय रॉडला नाही.

बॉल जॉइंटचा नट पूर्ण काढू नका. चार-पाच आटे शिल्लक ठेवून पुलर लावा. सुटतो तेव्हा झटक्याने सुटतो, आणि नट असला की आर्म उसळून हातावर येत नाही. मग नट आणि नकलचे चार बोल्ट काढा, नकल वर उचलून बांधून ठेवा. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर असेल तर ती ताणली जात नाहीये ना, हे दर दोन मिनिटांनी बघा.

नवीन जॉइंट घेताना डावा-उजवा वेगळा आहे हे लक्षात ठेवा. मी मूळ कंपनीचेच घेतले. ते स्वस्त जॉइंटच्या दुपटीहून महाग पडले, पण ओढला जाणारा सांधा असेल तर इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही. चार बोल्टही नवीन घेतले.

बसवताना दोन गोष्टी. निमुळता दांडा आणि त्याचं भोक कोरडं, स्वच्छ हवं, तिथे ग्रीस लावायचं नाही. ती पकड घर्षणावर आहे. आणि नट टॉर्क रेंचने सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक खाचेशी जुळलं नाही, तर नट आणखी थोडा पुढे आवळा. भोक जुळवायला कधीही मागे फिरवू नका.

मला पहिल्या बाजूला तीन तास लागले, दुसऱ्या बाजूला सव्वा तास.

कधी हात लावू नये?

रॅम आणि फोर्डच्या मोठ्या, सलग अ‍ॅक्सलच्या पिकअपमध्ये जॉइंट बोल्टने नाही, दाबून बसवलेला असतो. त्याला मोठ्या सी-क्लॅम्पसारखा प्रेस लागतो. इथली ऑटोझोनसारखी दुकानं तो अनामत रकमेवर वापरायला देतात आणि परत केला की पैसे परत मिळतात. पण गंजलेल्या गाडीवर हे काम दिवसभराचं होतं. घोडी नसेल, टॉर्क रेंच नसेल किंवा जमीन मातीची असेल तर गॅरेजलाच द्या.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक मुद्दा. आपल्या बहुतेक छोट्या कारमध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. तिथे वजन स्ट्रटमधून जातं, खालचा बॉल जॉइंट चाकाला जागेवर धरतो आणि ब्रेक व वळणाचा ताण घेतो. त्यामुळे झिजला तरी आवाज उशिरा येतो, पण निखळला तर परिणाम तोच. पुढे सलग अ‍ॅक्सल आणि पाटे असलेल्या बऱ्याच मालवाहू गाड्यांत बॉल जॉइंटऐवजी किंगपिन असते, तो वेगळाच विषय आहे. मेकॅनिक ‘जॉइंट गेलाय’ म्हणाला तर वर दिलेली पहार आणि टॉर्चची चाचणी तुमच्यासमोर करायला सांगा. चांगला मेकॅनिक आनंदाने दाखवतो.

काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या, आणि साधारण शे-दीडशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासा. माझ्या गाडीत चारपैकी एक बोल्ट पाव फेरा आवळला गेला.