लिली बार्टचा हिशेब

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर सप्टेंबरांतल्या एका दुपारीं २९ वर्षांची एक देखणी, अविवाहित स्त्री गाडी चुकल्यामुळें खोळंबली आहे. सेल्डन नांवाचा ओळखीचा एक वकील तेथें भेटतो. ती त्याच्या बिऱ्हाडीं जाऊन चहा घेते. परततांना दारांतच रोझडेल नांवाचा नवश्रीमंत गृहस्थ समोर येतो. आपण शिंपिणीकडे आलों होतों, असें ती सांगून टाकते. पण ती इमारत रोझडेलच्याच मालकीची! तेथें कोणी शिंपीण राहत नाहीं, हें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? एडिथ व्हॉर्टन यांच्या ‘द हाउस ऑफ मर्थ’ या १९०५ सालच्या कादंबरीचा आरंभ हा असा आहे. चहाचा एक पेला आणि एक निरुपद्रवी थाप. पण नायिका लिली बार्ट हिच्या खात्यावर पहिलें देणें येथेंच चढतें.

व्हॉर्टनबाईंचा जन्म १८६२ सालीं न्यूयॉर्कमधील एका जुन्या श्रीमंत घराण्यांत झाला. पुढें १९२१ सालीं कादंबरीसाठीं पुलिट्झर पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. ज्या दिवाणखान्यांची त्यांनीं इतकी निर्दय झडती घेतली, त्यांतच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. त्या वर्गाचे पूर्वग्रहहि त्यांच्या लेखणीला चिकटून आले आहेत. रोझडेल हा ज्यू असल्यामुळें त्याच्या चित्रणांत जो तिरस्कार डोकावतो, तो आजच्या वाचकास खटकल्यावांचून राहत नाहीं.

लिलीचे वडील दिवाळें निघून वारले, मागोमाग आईहि गेली. आश्रय मावशीसारख्या वागणाऱ्या एका कर्मठ आत्याचा. श्रीमंत मैत्रिणी तिला आपल्या बंगल्यावर राहावयास बोलावतात; राहणें-जेवणें फुकट. फुकट म्हणजे काय, हें मात्र पाहण्यासारखें आहे. रात्रीं ब्रिजच्या डावाला बसलेंच पाहिजे, आणि तो पैसे लावून. पोशाख यजमाणीच्या तोलाचे पाहिजेत. सकाळीं तिचीं पत्रें लिहून दिलीं पाहिजेत, आणि तिच्या कंटाळवाण्या नवऱ्याला हसत ठेवलें पाहिजे. अशा पाहुणचारांत लिली कर्जबाजारी होते. मैत्रिणीचा नवरा गस ट्रेनर ‘तुमचे चार पैसे बाजारांत गुंतवतों’ म्हणतो आणि नफा म्हणून चेक देत राहतो. तो नफा नसून त्याचाच पैसा होता, व त्याची फेड त्याला पैशांत नको होती, हें तिला कळतें तेव्हां आंकडा ९,००० डॉलर्सपर्यंत गेलेला असतो.

येथवर ही समाजानें केलेल्या छळाची कथा वाटेल. पण लिली केवळ बळी नाहीं. पर्सी ग्राइस नांवाचा गर्भश्रीमंत, बावळट वर जवळजवळ हातीं आलेला असतां, ज्या रविवारीं त्याच्याबरोबर चर्चला जावयाचें त्याच रविवारीं ती सेल्डनबरोबर टेकडीवर फिरावयास जाते. महिनाभर नांगरून पेरायचें आणि पीक कापणीस आलें कीं शेतांतून निघून जायचें, अशी तिची रीत. त्या वर्गाच्या संपत्तीवांचून तिला जगतां येत नाहीं, आणि त्या संपत्तीची किंमत मोजण्याची वेळ आली कीं तिचें मन माघार घेतें. तिचा नाश करतो तो तिच्यांतला दुर्गुण नव्हे, अर्धवट राहिलेला सद्गुण.

हें सर्वांत स्पष्ट होतें तें पत्रांच्या प्रकरणांत. बर्था डॉर्सेट ही धनाढ्य स्त्री स्वतःचें प्रकरण झांकण्यासाठीं माँटे कार्लो येथें लिलीला चारचौघांत आपल्या नौकेवरून घालवून देते. त्यानंतर एकेक दार बंद होऊं लागतें. आत्या आपली बहुतेक इस्टेट दुसरीस देऊन लिलीच्या नांवें अवघे १०,००० ठेवते. वास्तविक बर्थानें पूर्वीं सेल्डनला लिहिलेलीं प्रेमपत्रें लिलीजवळ आहेत. तीं दाखवून बर्थाला नमव, मग मी तुझ्याशीं लग्न करतों, असें रोझडेल उघड सांगतो. व्यवहार चोख आहे. पण त्या पत्रांवर सेल्डनचें नांव आहे. टोप्यांच्या कारखान्यांत शिवणकाम नीट न जमल्यानें नोकरी गेलेली लिली एका संध्याकाळीं त्याच्याकडे जाते आणि त्याच्या नकळत तें पुडकें त्याच्याच शेकोटींत टाकते.

त्याच रात्रीं आत्याच्या वारशाचा चेक येतो. लिली तो बँकेकडे पाठविण्याची व्यवस्था करते, ट्रेनरच्या नांवें पूर्ण रकमेचा चेक लिहिते, आणि मग झोपेचें औषध घेते. मात्रा चुकली कीं चुकविली, हें कादंबरी सांगत नाहीं. १९०४ च्या डिसेंबरांत व्हॉर्टनबाईंनीं एका डॉक्टरांस अशाच औषधाविषयीं विचारणा करणारें पत्र लिहिलें होतें. तें २००७ सालीं उजेडांत आलें तेव्हां हा जुना वाद पुन्हा पेटला.

सकाळीं सेल्डन लगबगीनें येतो. इतके दिवस न सुचलेला एक शब्द त्याला सांगावयाचा असतो. टेबलावर ट्रेनरच्या नांवाचा लखोटा पाहून क्षणभर जुना संशय त्याला पुन्हा ग्रासतो. मग चेकबुकांतील नोंद दिसते. तो बिछान्याशेजारीं गुडघे टेकतो. त्या निःशब्द खोलींत दोघांमध्यें जो शब्द उच्चारला जातो म्हणून लेखिका सांगतात, तो त्यांनीं शेवटपर्यंत लिहिलेला नाहीं.