उजेडाचा हिशेब

रात्री तुम्ही अभ्यास करत असता आणि अचानक वीज जाते. तेव्हा घरात काय होते? कोणी मेणबत्ती शोधते, कोणी काडीपेटी शोधते. मेणबत्ती सापडली, तर काडीपेटी सादळलेली असते. मोबाइल हाती आला, तर त्याची बॅटरी संपत आलेली असते. दहा-पंधरा मिनिटांत वीज परत येते. सगळे हसतात आणि ही धावपळ विसरून जातात. पण वीज दहा दिवस आलीच नाही तर?

असे आपल्या राज्यात घडलेले आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्याला धडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. घरांचे पत्रे आणि कौले उडाली. विजेचे खांब मोडून पडले, तारा तुटल्या. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांतील कितीतरी गावे अंधारात बुडाली. काही गावांत वीज परत यायला अनेक आठवडे लागले. विजेअभावी मोबाइलचे मनोरेही बंद पडले. दूर शहरात असलेल्या मुलाला गावातले आई-वडील सुखरूप आहेत की नाहीत, हेही कळेना.

उर्दूत आपण ‘आग लगने पर कुआँ खोदना’ असे म्हणतो. मराठीत याच अर्थाची म्हण आहे: ‘तहान लागल्यावर विहीर खोदणे.’ संकट आल्यावर तयारी सुरू करणे व्यर्थ असते, असा दोन्ही म्हणींचा अर्थ आहे. अंधाराचेही तसेच आहे. त्याची तयारी उजेड असतानाच करावी लागते. या तयारीला पैशांच्या आधी एक गोष्ट लागते, ती म्हणजे हिशेब. हा हिशेब तुमच्या वर्गातील कोणताही मुलगा किंवा मुलगी करू शकेल.

प्रथम तीन शब्द समजून घेऊ: व्होल्ट, अँपिअर आणि वॅट. घराच्या छपरावर पाण्याची टाकी आहे, असे समजा. टाकी जितकी उंच, तितका पाण्याचा दाब जास्त. विजेच्या या दाबाला व्होल्टमध्ये मोजतात. नळातून किती पाणी वाहते, तसे तारेतून किती वीज वाहते, ते अँपिअरमध्ये मोजतात. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार केला, की वॅट मिळतात. एखादे उपकरण किती वेगाने वीज वापरते, ते वॅटवरून कळते. तीन वॅटचा दिवा दहा तास जळला, तर त्याने ३ × १० म्हणजे ३० वॅट-तास वीज वापरली.

आपल्या घरात खांबावरून येणारी वीज २३० व्होल्टची असते. तिचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. मोटारगाडीतील बॅटरी मात्र १२ व्होल्टची असते. शिसे आणि आम्ल यांची ही बॅटरी फ्रान्समधील गास्तों प्लान्ते या शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शोधून काढली. तिच्या एका घरातून साधारण दोन व्होल्ट मिळतात. अशी सहा घरे एकापुढे एक जोडली, की १२ व्होल्ट होतात. कोरड्या हाताने १२ व्होल्टच्या तारेला स्पर्श झाला, तरी शरीरातून फार थोडी वीज वाहते. म्हणून घरात आणीबाणीच्या दिव्यांसाठी १२ व्होल्टची वीज सोयीची असते.

पूर्वी बॅटरीवर घर उजळणे कठीण होते, कारण जुन्या तारेच्या बल्बमध्ये बरीचशी वीज उष्णतेत वाया जात असे. एलईडी दिव्याने ही अडचण दूर केली. पांढरा उजेड देणारा एलईडी तयार करण्यासाठी आधी निळा एलईडी हवा होता. तो तयार करणाऱ्या इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज ९ वॅटचा एलईडी दिवा जुन्या ६० वॅटच्या बल्बच्या जवळपास उजेड देतो. अंधारात स्वयंपाक करायला, पायरी दिसायला किंवा पुस्तक वाचायला तर तीन वॅटचा दिवाही पुरतो. बाजारात थेट १२ व्होल्टवर चालणारे एलईडी दिवे आणि पट्ट्या मिळतात.

आता हिशेबाकडे वळू. बॅटरीवर दोन आकडे लिहिलेले असतात. उदाहरणार्थ, १२ व्होल्ट आणि २६ अँपिअर-तास. या दोन आकड्यांचा गुणाकार ३१२ येतो. म्हणजे या बॅटरीत ३१२ वॅट-तास वीज साठते. पण शिशाची बॅटरी पूर्ण रिकामी केली, तर ती लवकर निकामी होते. म्हणून तिच्यातील निम्मी वीजच आपली समजावी. म्हणजे आपल्या हाती उरले १५६ वॅट-तास.

एका दिवसाची गरज किती? एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. स्वयंपाकघरात तीन वॅटचा दिवा चार तास लावला, तर १२ वॅट-तास झाले. अभ्यासासाठी तसाच दिवा दोन तास लावला, तर ६ झाले. घरात वृद्ध माणसे आहेत, त्यांना रात्री उठावे लागते. म्हणून ओटीवर एक वॅटचा छोटा दिवा दहा तास ठेवला, त्याचे १० झाले. एक वॅटचा रेडिओ बातम्यांसाठी दोन तास लावला, त्याचे २ झाले. एक मोबाइल पूर्ण भरायला सुमारे २० वॅट-तास लागतात. सर्वांची बेरीज ५० वॅट-तास होते. आपल्याजवळ १५६ आहेत. म्हणजे आठ-नऊ किलो वजनाची ही बॅटरी त्या घराला तीन दिवस पुरेल.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, “आमच्या घरी इन्व्हर्टर आहे. आम्हांला या हिशेबाची काय गरज?” त्यांनी पुढील गणित लक्षपूर्वक पाहावे. अनेक घरांतील इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तासांची असते. तिच्यात १,८०० वॅट-तास वीज साठते. निम्मी वापरायची, म्हणजे ९०० वॅट-तास. इन्व्हर्टर १२ व्होल्टची वीज २३० व्होल्टची करतो. या बदलात काही वीज वाया जाते. पाचवा भाग वाया गेला, असे धरू. मग उरतात ७२० वॅट-तास. आता नेहमीप्रमाणे दोन पंखे आणि काही दिवे मिळून २०० वॅटचा वापर चालू ठेवला, तर ७२० भागिले २००, म्हणजे साडेतीन तासांत ही वीज संपेल. रात्री दहाला वीज गेली, तर दीडच्या सुमारास घर पुन्हा अंधारात!

हीच बॅटरी कुशल वायरमनकडून थेट १२ व्होल्टच्या दिव्यांना जोडून घेतली आणि दिवसाला ५० वॅट-तासच वापरले, तर? ९०० भागिले ५० म्हणजे १८. कागदावर अठरा दिवस! बॅटरी जुनी असेल, तर प्रत्यक्षात काही दिवस कमी मिळतील. तरीही फरक केवढा आहे, पाहा. बॅटरी तीच. एका घराला ती साडेतीन तास पुरते आणि दुसऱ्या घराला दोन आठवड्यांहून अधिक. फरक गरजेच्या निवडीचा आहे. म्हणून मोठे संकट दिसताच पहिले काम करायचे, ते पंखे बंद करण्याचे. इन्व्हर्टरही गरज नसेल तेव्हा त्याच्या बटणाने बंद ठेवावा, कारण एकही दिवा चालू नसताना तो स्वतः थोडी वीज खात राहतो.

१२ व्होल्टची वीज धक्क्याच्या दृष्टीने सौम्य आहे, म्हणून तिच्याशी खेळ करू नये. बॅटरीच्या दोन टोकांवर चुकून पाना किंवा बांगडी टेकली, तर क्षणात शेकडो अँपिअर वीज वाहते. ठिणग्या उडतात, धातू लालबुंद होतो आणि आग लागू शकते. म्हणून बॅटरीच्या धन टोकाजवळच योग्य क्षमतेचा फ्यूज बसवलेला असावा. बॅटरीची टोके झाकलेली असावीत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. व्होल्ट कमी असले, की तितक्याच कामासाठी अँपिअर जास्त लागतात. बारा वॅटच्या दिव्याला २३० व्होल्टवर सुमारे ०.०५ अँपिअर पुरतात, पण १२ व्होल्टवर पूर्ण एक अँपिअर लागतो. म्हणून अशा दिव्यांची तार जाड आणि शक्य तितकी आखूड असावी. लांब आणि बारीक तारेतच दाब घटतो आणि टोकाचा दिवा मंद पेटतो.

बॅटरी भरत असताना तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. तो चटकन पेट घेतो. म्हणून बॅटरी हवेशीर जागी ठेवावी आणि तिच्याजवळ मेणबत्ती किंवा काडी कधीही पेटवू नये. पुराची भीती असलेल्या भागात ती जमिनीवर न ठेवता उंच, मजबूत मांडणीवर ठेवावी. पाणी घालण्याची बॅटरी असेल, तर मोठ्या माणसांनी वेळोवेळी पातळी पाहून त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावे. नळाचे पाणी चालत नाही. वापरली नाही, तरी बॅटरी हळूहळू आपोआप रिकामी होते, म्हणून ती अधूनमधून भरावी लागते. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवून मोजली, तर सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ दिसले, तर ती निम्मी रिकामी झाली आहे, असे समजावे.

बॅटरी भरायला सौर पॅनेल उपयोगी पडते. वीस वॅटचे पॅनेल चार तासांच्या कडक उन्हात सुमारे ८० वॅट-तास देऊ शकते. म्हणजे आपल्या उदाहरणातील एका दिवसाची गरज भागते. पण वादळ आणि पूर यांच्या काळात बहुधा पाऊस असतो. आभाळ भरून आले, की पॅनेलची वीज फारच घटते. म्हणून पॅनेलवर सारी भिस्त न ठेवता, वादळाची सूचना रेडिओवर ऐकताच बॅटरी, मोबाइल आणि विजेऱ्या भरून ठेवाव्यात.

काही लोक जनित्र, म्हणजे जनरेटर, आणतात. जनित्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वासही नाही. बंद खोलीत, पडवीत किंवा खिडकीजवळ जनित्र चालवले, तर झोपलेली माणसे झोपेतच दगावू शकतात. जनित्र घरापासून दूर, उघड्यावरच चालवावे. त्याची तार घरातील प्लगमध्ये खोचून सारे घर उजळण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये. ती वीज उलट्या दिशेने खांबावर जाते. गावातील डीपी एरवी ११ हजार व्होल्टचे २३० करतो. उलट आलेल्या विजेचे तो पुन्हा हजारो व्होल्ट करतो. तार बंद आहे, असे समजून खांबावर चढलेला वायरमन त्या विजेने मरू शकतो. तो भर पावसात आपल्यासाठीच खांबावर चढलेला असतो. आपल्या घरातील उजेडाने दुसऱ्याच्या घरातील दिवा विझता कामा नये. यासाठी जनित्र नेहमी चेंजओव्हर स्विच बसवूनच जोडतात आणि ते काम परवानाधारक वायरमनच करतो.

बॅटरी काय करू शकत नाही, हेही ओळखले पाहिजे. घरात एखादा रुग्ण ऑक्सिजनच्या यंत्रावर असेल, तर त्या यंत्राला सुमारे ३०० वॅट लागतात. मघाचे ७२० वॅट-तास त्याला अडीच तासही पुरणार नाहीत. अशा घराने वादळाची सूचना मिळताच डॉक्टरांशी बोलून रुग्णाला रुग्णालयात किंवा वीज असलेल्या सुरक्षित ठिकाणी हलवावे. रस्त्यावर झाडे आडवी पडल्यानंतर ही संधी राहत नाही. हिशेब केला असेल, तरच घरातील माणसांना ही गोष्ट वेळेवर कळते.

विद्यार्थी मित्रांनो, तारा जोडण्याचे काम तुमचे नाही. ते जाणकारांवर सोडा. तुमचे काम वहीचे आहे. आज घरी गेल्यावर वहीत चार रकाने आखा. पहिल्यात वस्तूचे नाव, दुसऱ्यात वॅट, तिसऱ्यात तास आणि चौथ्यात गुणाकार लिहा. वीज नसताना कोणत्या वस्तूंवाचून घर चालणारच नाही, हे अम्मी-अब्बांना विचारा. आजी-आजोबांनाही विचारा, कारण रात्रीच्या अंधाराची अडचण त्यांना सर्वांत जास्त कळते. शेवटी बेरीज करा आणि तुमच्या बॅटरीतील निम्म्या विजेला तिने भागा. जे उत्तर येईल, तितके दिवस तुमच्या घरात उजेड राहील. उत्तर लहान आले, तर घाबरू नका. यादी पुन्हा वाचा आणि काय कमी करता येईल, ते सर्वांनी मिळून ठरवा. मात्र हे काम पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यातच पूर्ण करा.