छातीतील पाणी एकाच वेळी का काढीत नाहीत?

"वडिलांच्या छातीत पाणी पुष्कळ आहे म्हणता, मग निम्मेच का काढले? धर्मादाय खाटेवरचा रुग्ण म्हणून का?" असा प्रश्न एका रुग्णाच्या मुलाने मला कचेरीत येऊन विचारला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. म्हणून उत्तर आपल्या डॉक्टरांकडून समजून घेतले. तेच येथे सर्वांसाठी देत आहे.

फुप्फुसाभोवती दुपदरी आवरण असते. क्षयरोग, कर्करोग, न्यूमोनिया अथवा हृदयविकार यांमुळे त्या दोन पदरांमध्ये पाणी साचते, फुप्फुस दबते व रुग्णास धाप लागते. बरगड्यांमधून सुई घालून हे पाणी काढतात. या उपचाराने बहुतेकांना आराम पडतो. तथापि त्यात फुप्फुसाला दोन प्रकारे इजा संभवते.

पहिली म्हणजे सुईचे टोक फुप्फुसास लागून हवा आवरणात शिरणे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या २४ अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात आवरणात हवा शिरण्याचे प्रमाण सुमारे ६ टक्के आढळले. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्णांना छातीत नळी घालावी लागली. सोनोग्राफीने जागा पाहून पाणी काढल्यास हा धोका कमी होतो. बिलातील सोनोग्राफीची रक्कम त्यासाठी असते.

दुसरी इजा विरळ, परंतु प्रसंगी प्राणावर बेतणारी आहे. बरेच दिवस दबलेले फुप्फुस एकाएकी फुलले, तर त्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून खुद्द फुप्फुसातच पाणी भरते. यास्तव एका वेळी साधारणतः दीड लिटरपेक्षा अधिक पाणी काढू नये, असा संकेत आहे. खोकल्याची उबळ आली किंवा छातीत दुखू लागले, तर त्याआधीही डॉक्टर थांबतात.

नातेवाइकांना विनंती अशी की, रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत असल्यास ते आधी सांगावे. पाणी काढताना रुग्णाने हालचाल करू नये. त्रास झाल्यास मात्र तत्काळ बोलावे. नंतर धाप वाढली, तर परिचारिकेस लगेच कळवावे. सकाळच्या फेरीची वाट पाहू नये.

त्या वडिलांचे उरलेले पाणी दोन दिवसांनी काढले. हिशेबात ते दोन दिवस धर्मादाय निधीच्या खर्चात पडले. देणगीदारांच्या साहाय्यामुळेच असे दिवस आम्ही रुग्णास देऊ शकतो, याची येथे कृतज्ञतापूर्वक नोंद करतो.

– प्रशासक