गिळलेले नाणे आणि गिळलेला सेल

लहान मुलांनी गिळलेल्या वस्तूंपैकी सुमारे ८० ते ९० टक्के वस्तू उपचारावाचून शौचावाटे बाहेर पडतात, आणि याच अनुभवातून मुलाला केळी भरवून वाट पाहण्याची रीत घरोघर रुजली आहे. नाणे जठरात उतरले असेल आणि मुलाला काही त्रास नसेल, तर वाट पाहणे वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे. मात्र अन्ननलिकेत, म्हणजे घसा व जठर यांना जोडणाऱ्या नळीत अडकलेले नाणे मूल हसते-खेळते असले तरी २४ तासांच्या आत आणि लाळ गळत असेल तर तातडीने, दुर्बिणीने काढावे लागते. त्यासाठी भूल देताना पोट रिकामे असावे लागत असल्याने भरवलेली केळी उपचारालाच उशीर करतात.

खरा घात करतो तो खेळण्यांतला किंवा रिमोटमधला चपटा बटण सेल. २०१९ च्या मालिकेतील एक रुपयाच्या नाण्याचा व्यास २० मिलिमीटर आहे आणि ‘२०३२’ क्रमांकाच्या लिथियम सेलचाही तेवढाच. हा सेल अन्ननलिकेच्या ओल्या अस्तराला टेकताच वीज वाहू लागते, त्याच्या ऋण टोकापाशी कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र अल्क तयार होतो आणि अवघ्या दोन तासांत अस्तर खोलवर भाजू शकते. ज्यावर रिमोट चालत नाही असा उतरलेला सेलही हे करू शकतो. एक्स-रेमध्ये समोरून सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ आणि बाजूने पायरी दिसते, नाण्याला सहसा ती नसते, म्हणून एक्स-रे दोन्ही बाजूंनी काढणे अत्यावश्यक ठरते.

मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावातील कुटुंबासाठी हे दोन तास फार अपुरे आहेत, कारण लहान मुलाला भूल देऊन दुर्बिणीने सेल काढण्याची सोय साधारणतः मोठ्या शहरांतच असते आणि बराचसा वेळ रस्त्यातच जातो. म्हणूनच, सेल गिळून १२ तास झाले नसतील, मूल एक वर्षावरचे असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर दर १० मिनिटांनी १० मिलिलिटर, म्हणजे दोन लहान चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा द्यावा, असे विषबाधा-तज्ज्ञ सुचवतात. मधाचा थर सेल आणि अस्तर यांच्यामध्ये येऊन दाह मंदावतो, पण त्याने सेल निघत नाही. त्यामुळे मध गाडीतच द्यावा, त्यासाठी घरी थांबू नये; उलटी काढू नये आणि इतर काहीही खाऊ-पिऊ घालू नये. निघताना तशाच दुसऱ्या सेलचे पाकीट किंवा ते खेळणे बरोबर घ्यावे, कारण क्रमांकावरून डॉक्टरांना सेलचा व्यास आणि प्रकार तत्काळ कळतो.