शहाणी चिंगी घरात शू का करू लागली?

मैत्रिणींनो, गेल्या आषाढातली एक सकाळ सांगते. बाहेर कोल्हापूरचा पाऊस, आत दोन दिवसांचे ओले कपडे, मुलांचे डबे अर्धे भरलेले. एवढ्यात देवघरातून सासूबाईंची हाक आली. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. आत्ती अंघोळ करून पूजेला बसायला गेल्या, तर पाटासमोर हे एवढं तळं! आणि कोपऱ्यात कान पाडून, शेपूट पायांत घालून बसलेली आमची चिंगी.

चिंगी काही पिल्लू नव्हे, चांगली सात वर्षांची. राजारामपुरीतल्या आमच्याच गल्लीतल्या कुत्रीचं पोर. दोन महिन्यांची असताना धाकट्यानं उचलून आणली आणि महिन्या-दीड महिन्यात शहाणी झाली. दाराशी जाऊन एकदाच भुंकायची, की समजायचं. सात वर्षांत तिनं घरात थेंब सांडला नव्हता. पाहुण्यांसमोर मुलांचं कौतुक करायची सोय नसली, की मी चिंगीचं करत असे!

त्या आठवड्यात हे तिसऱ्यांदा झालं होतं. मग घरात सुरू झाले तर्क. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "लाडानं माजलीय." आमचे हे म्हणाले, "पावसात बाहेर जायचा कंटाळा." मला मात्र खात्री होती, की हिला माझा राग आलाय. जूनपासून माझे शाळेतले तास वाढले होते आणि ती दुपारी एकटी पडत होती. म्हणून मुद्दाम, सूड म्हणून, तीही देवासमोर!

मग मी काय केलं, तर तिचं मानगूट धरून नाक त्या ओल्यावर घासलं आणि पाठीत दोन चापट्या दिल्या. रात्री तिचं पाण्याचं भांडंही उचलून ठेवलं. पाणीच नाही तर शू कुठून होईल, असा हिशेब. हे लिहायला लाज वाटते, पण तुमच्यापैकी निम्म्याजणी हेच करतील, म्हणून लिहिते आहे.

खरं काय ते आत्तींच्या लक्षात आलं. ज्यांचा देव बाटला होता, त्यांच्याच! तिसऱ्या दिवशी सकाळी मला मोरीकडे बोलावून म्हणाल्या, "अगं, हिकडं बघ जरा. ही बादलीत तोंड घालून किती पानी पितीया. रात्रीबी धुण्याच्या दगडावरचं पावसाचं पानी चाटत हुती. हट्टानं करत न्हाई गं ही. हिची तहानच भागंना झालीया." मग चिंगीला जवळ ओढून तिचं पोट चाचपलं. पोट टम्म. चिंगी कण्हली. ती शेपटीखाली सारखं चाटत होती, दोन दिवस भाकरीला तोंड लावलं नव्हतं. हे सगळं माझ्याही डोळ्यांसमोर होतंच की! पण मी रागात होते.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी प्रश्नच विचारले. पाणी किती पिते? एका वेळी तळं होतं की चार थेंब? जागेपणी करते की झोपेत? आणि शेवटची माजावर कधी आली होती? हा शेवटचा प्रश्न ऐकून आमचे हे खिडकीबाहेर बघू लागले. मी बोटांवर मोजलं. मेच्या अखेरीला. म्हणजे दीड महिना झालेला. डॉक्टरांनी मान हलवली आणि सोनोग्राफी केली. गर्भाशयात पू झाला होता. 'पायोमेट्रा' म्हणतात त्याला. पिशवी न काढलेल्या, जरा वयस्क कुत्रीला माजानंतर महिन्या-दोन महिन्यांत हा रोग गाठतो. कधी अंगावरून घाण जाते, तेव्हा निदान कळतं तरी. तोंड बंद राहिलं तर पू आतच साठतो आणि तो प्रकार जास्त वाईट. चिंगीचा तोच होता. त्याच दिवशी सलाईन लावून, पोट उघडून पिशवी काढली. "अजून दोन दिवस घालवले असते तर..." एवढं म्हणून डॉक्टर हात धुवायला गेले.

मग मी त्यांना पाण्याच्या भांड्याचं विचारलं. जे कळलं ते प्रत्येकीनं ध्यानात ठेवावं असं आहे. आपल्याला वाटतं, पाणी जास्त प्याली म्हणून शू जास्त झाली. बहुतेक आजारांत हे उलटं असतं. पुवातलं विष मूत्रपिंडावर परिणाम करतं, मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, ते शरीरातून वाहून जातं, आणि गेलेलं भरून काढायला जनावर घटाघटा पाणी पितं. अशा जनावराचं पाणी तोडलं, तर ते आतून सुकत जातं. मी तीन रात्री नेमकं तेच केलं होतं.

म्हणून शिकवलेलं कुत्रं घरात शू करू लागलं, की आधी पाणी मोजा. दुधाचं लिटरचं माप घ्या, सकाळी मोजून भांडं भरा, दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करा. मोरीतली बादली आणि कुंड्यांखालच्या बश्या तेवढ्या झाकून ठेवा, नाहीतर हिशेब चुकायचा. निरोगी कुत्र्याला वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण ५०-६० मिलिलिटर पाणी पुरतं. उन्हाळ्यात जास्त, आमटीत कुस्करलेली भाकरी खात असेल तर कमी. १०० च्या वर गेलं तर थांबू नका. चिंगी १४ किलोची, म्हणजे तिला पाऊण-एक लिटर पुष्कळ झालं. ती दोन लिटरच्या वर पीत होती.

जास्त तहान म्हणजे पायोमेट्राच असं मात्र नाही. माणसासारखी कुत्र्यांनाही साखर होते, आणि माद्यांत ती जास्त आढळते. भरपूर खाऊनही जनावर वाळत जातं. त्याला माणसासारखंच इन्सुलिन टोचावं लागतं, आणि घरच्या घरी टोचता येतं. म्हातारपणी मूत्रपिंडं थकतात. खाज येते म्हणून दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही तहान वाढते. तेव्हा अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आठवणीनं सांगा. आपल्या मनानं मात्र ती एकदम बंद करू नका.

पाणी नेहमीइतकंच, पण सारखं बसायचं, कुंथायचं आणि चार थेंब टाकायचे, असं दिसलं तर मूत्राशयात जंतू किंवा खडा असण्याचा संभव. थेंबांत कधी रक्तही दिसतं. वय झालेल्या, खच्ची न केलेल्या कुत्र्याची प्रोस्टेट ग्रंथी सुजलेली असू शकते. आणि कुंथूनही एक थेंब येत नसेल, तर सकाळची वाट बघू नका. रात्री डॉक्टर शोधा.

तपासणीला शू न्यायची तर ती धरायची कशी, हा प्रश्न मलाही पडला होता. जुनी, लांब दांड्याची पळी घ्यायची. सकाळी पहिल्यांदा बाहेर नेलं की ती बसताना हळूच मागून खाली सरकवायची, आणि स्वच्छ, कोरड्या बाटलीत ओतून तासा-दोन तासांत पोचवायची. गल्लीतले लोक बघतात. बघू द्या.

पिशवी काढलेली कुत्री झोपेतून उठली आणि तिच्या पोत्यावर ओलं दिसलं, तर ते वेगळं. काही माद्यांचा तिथला स्नायू ऑपरेशननंतर कधी काही वर्षांनी सैल पडतो. तिला पत्ताही नसतो, आणि त्यावर चांगलं औषध आहे. म्हातारं कुत्रं तर गुडघेदुखीनंही अंगणाच्या पायऱ्या टाळतं. काहींना भ्रम होतो. रात्री उगीच फिरतात, कोपऱ्यात तोंड करून उभी राहतात, दार कुठलं ते विसरतात. आजोबा-आजी सांभाळलेल्या घरांना हे समजावून सांगायला नको.

मनाची कारणंही असतात, पण ती देहाची तपासून झाल्यावर. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत शिरलं, तेव्हा माझी मावसबहीण मुलं आणि मोत्या कुत्रा घेऊन आमच्याकडे आली. मोत्या वागायला एकदम गुणी, पण आमच्या घरात त्यानं प्रत्येक दाराच्या चौकटीला आणि सोफ्याच्या पायाला तंगडी वर केली. जरा जरा, सगळीकडे. ही शू लागलेली नव्हे, ही खूण. परक्या घरात, चिंगीच्या वासात तो आपला वास मिसळून धीर धरत होता. घरी परतल्यावर चिखलानं आणि औषधाच्या फवारणीनं घराचा वासच बदललेला, तर तिथंही पंधरा दिवस तेच. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर, पुन्हा मोत्या. या वेळी बहिणीनं त्याचं न धुतलेलं पोतं बरोबर आणलं, आणि त्यानं एकाच चौकटीवर भागवलं. घरात नवं बाळ आलं, माणूस गेलं, गणपतीच्या मिरवणुकीचा दणदणाट झाला, फटाके वाजले, तरी असं होतं.

पुराच्या आणि साचलेल्या पाण्यातून आणखी एक आजार येतो, लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या लघवीतून तो पाण्यात उतरतो, कुत्र्याला होतो, आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होऊ शकतो. पावसाळ्यात कुत्र्याला ताप, उलट्या, डोळे पिवळे आणि जास्त शू असं दिसलं, तर रबरी हातमोजे घालूनच पुसा, मुलांना लांब ठेवा. कुत्र्यांसाठी याची लस मिळते. ती दर वर्षी टोचून घ्यावी लागते.

आता फरशीचं. फिनाइलनं पुसलं की आपल्या नाकाला वास गेलासा वाटतो, कुत्र्याच्या नाकाला नाही. वास राहिला की तीच जागा ठरते. आधी जुन्या सुती कपड्यानं टिपून घ्या, घासू नका. मग एन्झाइमवाली कपड्यांची पावडर कोमट पाण्यात कालवून पाव तास ओलं ठेवा. कढत पाणी नको, त्यात एन्झाइम निकामी होतं. नंतर साध्या पाण्यानं दोनदा धुवा. व्हिनेगर लावा असं पुष्कळजणी सांगतात. सिरॅमिकच्या फरशीला ठीक आहे, पण आमच्यासारखी शहाबादी फरशी असेल तर नको. तो चुनखडीचा दगड आहे, आंबटानं त्याची रया जाते. माझी देवघरापुढची एक फरशी कायमची पांढुरकी झाली आहे ती यामुळेच.

आणि ते नाक घासणं! घडून गेलेल्या गोष्टीचा आणि माराचा संबंध कुत्र्याला लागत नाही. त्याला इतकंच कळतं, की ओलं दिसलं की बाई भडकते. मग ते आपल्यासमोर करायचं टाळतं आणि कॉटखाली, पडद्यामागे जाऊन करतं. 'पण त्याला चूक कळते हो, चेहरा बघा कसा करतो,' असं मीही म्हणत होते. अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली हेच १४ कुत्र्यांवर करून पाहिलं. मना केलेला खाऊ कुत्र्यानं खाल्ला की नाही, हे मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. ओशाळा चेहरा दिसायचा तो मालक रागावला म्हणून. खाऊ खाल्ला होता की नव्हता, यानं फरक पडत नव्हता. पाटासमोर कान पाडून बसलेली चिंगी गुन्हेगार नव्हती, मला घाबरलेली होती.

ऑपरेशननंतर सवय पुन्हा बसवावी लागली. उठल्याबरोबर, जेवण झाल्यावर आणि झोपण्यापूर्वी तिला बाहेर न्यायचं. काम झालं की तिथल्या तिथं भाकरीचा तुकडा आणि शाबासकी, घरात येऊन नव्हे. पावसासाठी यांनी मागच्या दारी पत्र्याचा आडोसा करून खाली माती टाकून दिली. दहा-बारा दिवसांत ती पहिल्यासारखी झाली.

खर्च झाला, नाही म्हणत नाही. "गल्लीतल्या कुत्रीवर एवढे पैसे?" असं एका नातेवाइकांनी विचारलंच. उत्तर आत्तींनी दिलं, "साताऱ्याच्या शाहू महाराजांनी खंड्या कुत्र्याची समाधी बांधलीया माहुलीला. आमी नुसतं ऑपरेशन केलंय." त्या दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जातात. देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीत पायांशी चार कुत्री आहेत. चिंगी दवाखान्यातून आली त्या दिवशी आत्तींनी तिला त्याच पाटासमोर बसवून अंगारा लावला.

रात्रीचं पाण्याचं भांडं आता त्याच भरतात. परवा ते भरताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मीबी संध्याकाळनंतर पानी सोडलंय, दोन वर्षं झाली. रात्री उठाय लागतंय. खोकला आला की लुगडं भिजतंय." दोन वर्षं, आणि आम्हांला कुणाला पत्ता नाही! मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "ती बाटली नेलीस तिच्यासाठी, तशी माझीबी नेशील का गं?"

सोमवारी आम्ही दोघी जाणार आहोत.