लाल ठिपक्यांचा हिशेब

सकाळी 9. लाली वाचायची ती किरण दिल्यानंतर 16 ते 24 तासांत, म्हणून काल दुपारी दिव्याखाली पालथे झोपलेले स्वयंसेवक आज सकाळीच हजर लागतात. सनस्क्रीन सहकारिणीनं लावलेलं, वाचणार मी. लावणाऱ्यानंच वाचायचं नाही. पाठीवर ठिपक्यांची एक ओळ उघड्या त्वचेवर, दुसरी क्रीमखाली. दोन्हींत सर्वांत कमी मात्रेला उमटलेला स्पष्ट लाल ठिपका शोधायचा. क्रीमखालच्या मात्रेला उघड्या मात्रेनं भागलं की त्या पाठीचा एसपीएफ. अशा निदान दहा पाठींची सरासरी म्हणजे ट्यूबवरचा आकडा.

10.30. नव्यांची निवड. डॉक्सिसायक्लिनसारखं औषध चालू असेल तर परत. मग रंगमापक टेकवायचा. गडद त्वचेवर लाली नीट दिसत नाही, म्हणून नियम उजळ पाठच मागतो. मुंबईत हे रोज खटकतं. क्रीम ज्यांना विकायचं, त्यांच्यातलेच बरेचजण दारातून माघारी जातात.

11.30. क्रीम लावणं. खरं काम हेच. दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम. 40 चौरस सेंटिमीटरला 80. सिरिंज आधी तोलायची, रिकामी झाल्यावर पुन्हा. थेंब सारख्या अंतरावर टाकून बोटानं अर्ध्या मिनिटात पसरायचे. जोर जास्त झाला तर थर फाटतो आणि आकडा घसरतो. या हिशेबानं मोठ्या माणसाच्या अंगभर 35 ग्रॅम लागेल, म्हणजे 50 ग्रॅमची ट्यूब दीड वेळेत संपली! घरी लोक याच्या निम्मंही लावत नाहीत. त्यांना ट्यूबवरचा एसपीएफ 50 मिळतच नाही.

12.15. क्रीम वाळलं, झेनॉन दिवा तापला. पुढच्या प्रत्येक ठिपक्याला आधीच्यापेक्षा थोडी जास्त मात्रा. दावा मोठा असेल तर फार वेळ निश्चल पडावं लागतं.

"ताई, पाठ खाजतेय."

"हलू नका हो काका, झालंच."

3.00. अतिनील-अ किरणांनी लाली फारशी येत नाही, त्यामुळे एसपीएफमध्ये ते कमीच दिसतात. त्यांच्यासाठी खरबरीत प्लास्टिकच्या पट्टीवर क्रीम लावून 290 ते 400 नॅनोमीटरपर्यंत किती प्रकाश आरपार जातो ते यंत्रावर मोजतो. युरोपच्या शिफारशीनुसार हे संरक्षण एसपीएफच्या एक तृतीयांश तरी हवं.

5.00. एका उत्पादकाचा फोन. दावा 50 चा, सरासरी 43.

"दोन-चार पाठी वाढवून बघा ना."

95 टक्के विश्वासमर्यादा सरासरीच्या 17 टक्क्यांच्या आत बसली नाही, तरच पाठी वाढवायच्या, त्याही वीसपर्यंत. इथे ती बसली आहे. अहवालात 43 जाईल. युरोपात विकायचं तर ट्यूबवर 30 छापावं लागेल.