गाणं चार मिनिटांचं, अभ्यास महिन्याचा

‘आई, आजीचं हिरवं लुगडं काढून ठेव ना, रविवारी आमचं शूटिंग आहे!’ कॉलेजात जाणारी लेक असं म्हणाली, की आपल्या कपाळावर आधी आठी पडते. शूटिंग? म्हणजे सिनेमा? म्हणजे नाचगाणीच ना? आणि परीक्षा तोंडावर असताना हे काय नवीन खूळ?

पण मैत्रिणींनो, हे खूळ नाही, हा अभ्यासच आहे. पत्रकारिता, जनसंज्ञापन, माध्यम-अभ्यास अशा नावांनी जे वर्ग चालतात, त्यांत गाण्याचा व्हिडिओ करायला देणं ही जुनी रीत आहे. चार-पाच जणांचा गट, एक गाणं, ठरलेली मुदत, आणि व्हिडिओबरोबर काय ठरवलं, का ठरवलं याची लेखी वही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्येही (ही संस्था १९६० साली जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात सुरू झाली) गाण्याचं चित्रण विद्यार्थ्यांकडून स्वतंत्रपणे करवून घेतलं जात आलं आहे. कारण सोपं आहे. तीन-चार मिनिटांत गोष्ट सांगायची, ताल सांभाळायचा आणि एकही क्षण वाया घालवायचा नाही, हे ज्याला जमलं त्याला पुढचं पुष्कळ काही जमतं.

वर्गातल्या कामाला कमी लेखू नये, याचा दाखला तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. नागराज मंजुळे अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापनाचं शिक्षण घेत होते, त्या काळात त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या एका गरीब मुलाची ती गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सैराट’ आला तो त्यानंतर काही वर्षांनी, २०१६ साली.

झाडीपट्टीला गाणं नवं नाही

आपल्या गोंदिया जिल्ह्यात तर या अभ्यासाला माती आयती तयार आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा, तलावांचा आणि झाडीपट्टीचा. दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतो आणि रात्रभर नाटक रंगतं. त्या नाटकात गाण्याशिवाय पान हलत नाही, आणि तिथं नट-नटी रंगमंचावर स्वतःच्या गळ्याने गातात. गाणं कसं सादर करावं, कुठं थांबावं, प्रेक्षकाला कसं धरून ठेवावं, हे इथल्या मुलांनी घोंगडीवर बसून लहानपणापासून पाहिलेलं असतं.

आणि दुसरं गाणं आपल्या बायकांचं. आषाढ-श्रावणात बांधीत चिखल झाला, की रोवणीला ओणव्या उभ्या राहिलेल्या बाया गाणी म्हणतात. कंबर मोडून येते, पाऊस अंगावर असतो, पण गाण्याच्या लयीत हात चालत राहतो. मुलांनी सिनेमातलं एखादं गाजलेलं गाणं उचलण्यापेक्षा आजीला विचारावं, मामीला विचारावं. तीन सोयी होतात. गाणं आपलं असतं, ते चित्रित करायला दूर जावं लागत नाही, आणि परवानगीचा गुंता वाचतो.

हा परवानगीचा मुद्दा घरात सर्वांनीच समजून घेतलेला बरा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांवर वेगवेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांवरचे हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतात. वर्गात शिक्षकांना दाखवण्यापुरतं काम करणं वेगळं आणि तेच यूट्यूबवर चढवणं वेगळं. पारंपरिक गाणं मात्र कोणा एकाचं नसतं. आपल्याच घरात, आपल्याच आवाजात ते मुद्रित केलं, तर प्रश्न मिटला.

आधी वही, मग कॅमेरा

पुष्कळ मुलांची चूक होते ती इथंच. मोबाइल खिशात असतो, म्हणून सगळे थेट बांधावर जाऊन उभे राहतात. दिवसभर काही तरी टिपतात, आणि घरी आल्यावर कळतं की कशाचा कशाला मेळ नाही.

लग्नघर चालवलेल्या बाईला हे सांगायला नको. आधी यादी, मग खरेदी, मग चूल! व्हिडिओचंही तसंच. गाणं चार-सहा सेकंदांच्या तुकड्यांत तोडायचं. प्रत्येक तुकड्यासमोर लिहायचं, काय दिसेल, कोण असेल, कॅमेरा जवळ की दूर, कपडे कोणते, वेळ कोणती. शेजारी काड्यांच्या माणसांचं का होईना, चित्र काढायचं. ही वही पक्की झाली की कॅमेऱ्याचं काम निम्मं होतं.

रोवणी दाखवायची असेल तर ती दिवाळीत मिळणार नाही, आणि धान पिवळं झालेलं हवं असेल तर ते श्रावणात दिसणार नाही. वेळापत्रक कॉलेजचं असलं तरी शेत आपल्या वेळेने चालतं, हे वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

गाणं मुद्रित करायला स्टुडिओच हवा असं नाही. घरातली लहान खोली घ्यावी, भिंतींना गाद्या आणि गोधड्या टेकवाव्यात, कपड्यांचं कपाट उघडं ठेवावं, म्हणजे आवाज घुमत नाही. पंखा आणि फ्रिज तेवढा वेळ बंद. आणि कुकरची शिट्टी? ती आपल्या हातात आहे, अर्धा तास आपणच थांबावं!

चित्रीकरणाचा दिवस

शेतावर गाणं स्पीकरवर लावतात आणि गाणारी त्याबरोबर ओठ हलवते. म्हणून तिथं वारा किंवा ट्रॅक्टरचा आवाज आला तरी बिघडत नाही, पण शब्द तोंडपाठ हवेत. उजेड सकाळचा किंवा सायंकाळचा कोवळा घ्यावा. भर दुपारी डोळ्यांखाली काळी सावली पडते, आणि हसरा चेहराही आजारी दिसतो. सावली फारच असली तर पांढरी चादर ताणून धरावी, तिच्यावरून उजेड चेहऱ्यावर परततो.

घरात ट्यूबलाइटखाली चित्रण केलं, की कधीकधी पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. आपली वीज सेकंदाला ५० फेरे घेते, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. कॅमेरा सेकंदाला २५ चित्रांवर आणि शटर १/५० वर लावलं, की ही लुकलुक बहुधा जाते. मुलांना हे ठाऊक नसेल तर आपण सांगून चकित करावं.

आणखी एक काम बायकांच्या डोळ्यांनाच नीट जमतं. एका दृश्यात हातात सहा बांगड्या, पुढच्यात दोनच. इथं पदर उजवीकडे, तिथं डावीकडे. प्रत्येक दृश्य संपताना एक फोटो काढून ठेवावा आणि पुढच्या वेळी तो पाहून तयारी करावी.

निवडणं-पाखडणं

दोन-तीन तासांचं चित्रण झालं, की मग संकलन. यात चार मिनिटं ठेवायची आणि बाकीचं सोडायचं. धानाच्या जिल्ह्यात हे समजावायला काय कठीण? सुपात तांदूळ घेऊन खडा, कोंडा, कणी वेगळी करावी तसंच हे. एखादं दृश्य फार सुंदर आलं, म्हणून गाण्यात बसत नसताना ठेवू नये. दृश्य बदलायचं ते बहुधा ठेक्यावर, पण प्रत्येक ठेक्यावर बदललं तर पाहणाऱ्याला घेरी येते. आणि मूळ चित्रणाची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवायचीच. मोबाइल पाण्यात पडला, तर रोवणी वर्षभर परत येत नाही.

लेकीच्या वाट्याला काय?

आता मुद्द्याची गोष्ट. अशा गटात मुलं-मुली दोघंही असतात. कॅमेरा कोणाकडे जातो आणि डबे, कपडे, मेकअप कोणाकडे? ‘उन्हात कशाला उभी राहतेस?’ असं म्हणून आपणच मुलीला सावलीत बसवतो आणि मुलाला ट्रायपॉड देतो. मार्क दोघांना मिळतात, पण हात एकाचाच तयार होतो.

या धंद्याचा पायाच मुळी एका गृहिणीच्या कष्टांवर आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्यासाठी सरस्वतीबाई फाळक्यांनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, शिवाय फिल्मला भोकं पाडणं, अंधारात ती धुणं ही कामंही त्या शिकल्या. उन्हात पांढऱ्या चादरी धरून त्या उभ्या राहिल्या. पडद्यावर यायला मात्र त्या वेळी बाई मिळेना, म्हणून तारामती झाली ती उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांची! त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई उभ्या राहिल्या आणि वाट मोकळी झाली. पुढे पुण्याच्या अरुणाराजे वैद्यकीय शिक्षण सोडून फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या, १९६९ साली बाहेर पडल्या, संकलक आणि दिग्दर्शक झाल्या. त्यांचा ‘रिहाई’ पुष्कळजणींना आठवत असेल.

म्हणून लेकीला एवढंच विचारावं, ‘या कामात तुझ्याकडे काय आहे?’ तिने ‘कपडे’ असं उत्तर दिलं, तर ‘आणि कॅमेरा केव्हा?’ हेही विचारावं.

हो कुठं म्हणावं, नाही कुठं?

डोळे मिटून परवानगी द्यावी, असं मात्र नाही. या गोष्टी आधी बोलून घ्याव्यात:

* कोण कोण आहे, कुठं जाणार, परत केव्हा, हे कागदावर हवं. हा नियम मुलीला तसाच मुलालाही.

* व्हिडिओ फक्त वर्गात दाखवणार की सर्वांसाठी टाकणार, हे चित्रीकरणाआधी ठरवावं. एकदा बाहेर गेलेलं चित्र परत गोळा करता येत नाही. ज्याचा चेहरा दिसतो, त्याचा होकार हवाच.

* रोवणीच्या बायांना आधी विचारावं. त्या मजुरीवर असतात, आपल्या हौसेपायी त्यांचं काम थांबू नये. थांबवलंच तर तेवढ्या वेळाचे पैसे द्यावेत. त्यांचं गाणं घेतलं, तर व्हिडिओत त्यांची नावं त्यांना विचारून घालावीत, आणि पूर्ण झाल्यावर त्यांना तो दाखवावा.

* नागझिरा-नवेगावच्या जंगलात आणि रेल्वे स्टेशनवर परवानगीशिवाय चित्रण करू नये. ड्रोनचे नियम कडक आहेत, बिरसीच्या विमानतळाजवळ तर जास्तच.

* सारस पक्षी दिसला तर दुरूनच पाहावा. तो पावसाळ्यात धानाच्या बांधीत, तलावाकाठी घरटं करतो, आणि महाराष्ट्रात तो उरला आहे तो मुख्यतः आपल्याच भागात. एका दृश्यासाठी त्याला अंड्यांवरून उठवणं हे पाप.

* नवा महाग मोबाइल हवाच, असा हट्ट असेल तर सरळ नाही म्हणावं. गटात एक बरा मोबाइल आणि उसना ट्रायपॉड पुरतो.

आपल्यापैकी कितीजणींच्या आईची, सासूची गाणी त्यांच्याबरोबरच गेली. कोणी लिहिली नाहीत, कोणी टिपली नाहीत. आता रोवणीयंत्रं येऊ लागली आहेत, ओणव्याने रोवणाऱ्या बाया हळूहळू कमी होतील. बायांची कंबर सुटली तर चांगलंच आहे, पण गाणं मागे उरायला हवं. ते टिपायला कोणी मोठा विद्वान गावात येईलच, असं नाही. मार्कांसाठी का होईना, आपलीच पोर आजीसमोर कॅमेरा लावून बसली, तर लुगडं आनंदाने काढून द्यावं. आणि आजीला कडवं आठवेना, तर कामं बाजूला ठेवून आपणही शेजारी बसावं. अर्धं तिला आठवेल, अर्धं आपल्याला.